‘ब्लेड रनर २०४९’ पाहिल्यावर हमखास येणारे प्रश्न

सोलापुरात डफरीन चौकाजवळच्या एका हॉलमध्ये आम्ही काही जण मिळून सिनेमे दाखवतो. तिकीट नाही, चहा आहे. ‘ब्लेड रनर २०४९’ दाखवला की पुढचा आठवडाभर व्हॉट्सॲपवर, पार्क चौपाटीवर, अगदी भाजी घेतानासुद्धा तेच तेच प्रश्न येतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. मतं माझी आहेत, ग्रुपची नाहीत. ग्रुपमध्ये यातल्या निम्म्या गोष्टींवर भांडणं आहेत. आणि हो, खाली सगळा शेवट फोडलाय. सिनेमा बघायचा असेल तर आधी बघून घ्या.

पहिला भाग बघितला नाही. चालेल का?

चालेल, पण बघितलेला बरा. पहिला ‘ब्लेड रनर’ १९८२ चा, दिग्दर्शक रिडली स्कॉट. फिलिप के. डिक यांच्या १९६८ च्या कादंबरीवरून केलेला. डिक मार्च १९८२ मध्ये गेले आणि सिनेमा जूनमध्ये लागला, म्हणजे पूर्ण सिनेमा त्यांना पडद्यावर बघताच आला नाही. गोष्ट घडते २०१९ च्या लॉस एंजेलिसमध्ये. माणसांनी कामासाठी रिप्लिकंट नावाची माणसंच बनवलीत, त्यांना परग्रहावर राबवतात, आणि त्यांचं आयुष्य ठेवलंय चार वर्षांचं. काही जण पळून पृथ्वीवर येतात. त्यांना शोधून मारायचं काम डेकार्ड या पोलिसाकडे. ते करता करता तो रेचेल नावाच्या एका रिप्लिकंटच्याच प्रेमात पडतो आणि शेवटी तिला घेऊन निघून जातो.

या सिनेमाच्या बऱ्याच आवृत्त्या आहेत. १९८२ च्या आवृत्तीत हॅरिसन फोर्डच्या आवाजात निवेदन आहे, ते कान दुखवतं. २००७ ची ‘फायनल कट’ बघा.

दुसऱ्या भागात नेमकं होतं काय? मध्ये मध्ये डोळा लागला होता.

लागतो. १६३ मिनिटांचा आहे.

के हा लॉस एंजेलिस पोलिसांतला अधिकारी. तो स्वतःच रिप्लिकंट आहे. सिनेमा हे लपवून ठेवत नाही, सुरुवातीलाच सांगून टाकतो. त्याचं काम म्हणजे लपून बसलेल्या जुन्या रिप्लिकंटांना संपवणं. पहिल्याच प्रसंगात तो सॅपर मॉर्टन नावाच्या एका आडदांड शेतकऱ्याकडे जातो. हा प्रथिनांसाठी अळ्यांची शेती करतो. चुलीवर भांडं रटरटतंय, सॅपर नाकावर इवलासा चष्मा ठेवून बोलतोय. थोड्याच वेळात के त्याला मारतो, त्याचा डोळा काढतो, धुतो आणि डोळ्यावरचा क्रमांक यंत्राखाली तपासतो. काम झालं की पाकीट मिळणार, तसं.

त्याच शेतात एका वाळलेल्या झाडाखाली पेटी सापडते. पेटीत बाळंतपणात गेलेल्या बाईची हाडं. आणि त्या हाडावरही क्रमांक. म्हणजे रिप्लिकंट बाई बाळंत झाली. ती रेचेल. इथून तिघं त्या मुलाच्या मागे लागतात. पोलिसांना ते मूल नाहीसं करायचंय, वॉलेस नावाच्या उद्योगपतीला त्याच्यावरून माल तयार करायचाय, आणि रिप्लिकंटांच्या भूमिगत संघटनेला ते मूल झेंड्यासारखं वापरायचंय. के-ला मात्र हळूहळू वाटायला लागतं, की ते मूल आपणच. त्याच्या लहानपणाच्या आठवणीत एक लाकडी घोडा आहे. त्या घोड्याच्या तळाशी कोरलेली तारीख, ६.१०.२१, त्या झाडाच्या बुंध्यावर सापडते.

शेवटी कळतं, मूल तो नाही. ती आठवण दुसऱ्याची आहे.

रिप्लिकंट म्हणजे रोबोच की.

नाही. आत वायरी नाहीत, पत्रा नाही. मांस, रक्त, हाडं, सगळं आपल्यासारखं. भूक लागते, लागलं तर दुखतं. फरक इतकाच की ते बनवलेले आहेत आणि कुणाच्या तरी मालकीचे आहेत. खरं तर फरक अंगात नाहीच, कागदावर आहे. अंगावर क्रमांक टाकावा लागतो तो त्यासाठीच. नुसतं बघून कुणालाच ओळखता येत नाही.

डिक यांना ही कल्पना सुचली तीही यंत्रांवरून नव्हे. दुसऱ्या एका कादंबरीसाठी ते नाझी काळाचा अभ्यास करत होते. त्यात एका एसएस अधिकाऱ्याची डायरी त्यांच्या वाचनात आली. उपाशी पोरांच्या रडण्याने रात्री झोप लागत नाही, अशी तक्रार त्याने लिहिली होती. डिक यांच्या लेखी तोच खरा बिनकाळजाचा, आणि तो तर आईच्या पोटी जन्मलेला. सिनेमा बघताना एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ आहे.

इतका संथ का काढलाय? आणि ते सगळं ग्राफिक्सच आहे ना?

संथ आहे कारण दिग्दर्शक डेनिस व्हिलनव्ह यांना तो तसाच हवा होता. मला आवडतो, तुम्हाला नसेल आवडला तर वाद नाही. ग्राफिक्स आहे, पण वाटतं तेवढं नाही. चित्रीकरण हंगेरीत बुडापेस्टच्या स्टुडिओत झालं, मोठमोठे सेट खरे उभे केले होते, आणि शहरातल्या बऱ्याच इमारती म्हणजे न्यूझीलंडच्या वेटा वर्कशॉपने बनवलेल्या छोट्या प्रतिकृती. कॅमेरा रॉजर डीकिन्स यांचा. १३ वेळा नामांकन मिळूनही ऑस्करने त्यांना हुलकावणी दिली होती, ते याच सिनेमाला मिळालं.

लास वेगासच्या त्या भगव्या धुळीत आमच्या हॉलमध्ये कुणीतरी हमखास ओरडतं, “हे तर आपलं मे महिन्यातलं होटगी रोड!” ओरडू द्या.

ती पांढऱ्या खोलीतली परीक्षा कसली? तो तेच तेच शब्द का म्हणतो?

दोन्ही सिनेमांत परीक्षा आहे आणि दोन्हींचा रोख अगदी उलटा आहे.

पहिल्या भागातली परीक्षा समोरचा माणूस आहे की रिप्लिकंट हे ओळखायला असते. वाळवंटात कासव उलटं पडलंय, तू मदत करत नाहीस, का? असे प्रश्न विचारायचे आणि बुबुळं बघायची. दुसऱ्याच्या दुःखाने काही हललं, तर माणूस.

दुसऱ्या भागात के कोण आहे हे सगळ्यांना ठाऊकच आहे. तरी प्रत्येक कामगिरीनंतर त्याला त्या खोलीत बसवतात. एक आवाज भराभर प्रश्न विचारतो: कुणाचा हात हातात घेतल्यावर काय वाटतं? आपल्यातलं काहीतरी हरवलंय असं वाटतं का? त्याने मध्ये न अडखळता ठरलेले शब्द म्हणायचे. आवाजात किंचितही चढउतार आला की नापास. म्हणजे इथे पास व्हायचं तर काहीच वाटता कामा नये. पहिल्या परीक्षेत काही वाटलं नाही म्हणून मारतात, दुसरीत वाटलं म्हणून.

के एकदा त्यात नापास होतो. त्याची साहेबीण जोशी त्याला ४८ तास देते, सावर म्हणते. (हो, आडनाव जोशीच आहे. हॉलमध्ये दर वेळी हशा पिकतो. भूमिका रॉबिन राइट यांची.) या चाचणीचं दृश्य दोन-तीन मिनिटांचं असेल, पण माझ्या मते सिनेमाचा गाभा तिथे आहे. एखाद्याला काही वाटतं का हे तपासणारे बरेच भेटतात. पण काही वाटत नाही ना, याची खात्री करून घेणारा भेटला, तर त्याला काम करून घ्यायचंय हे समजावं. ते कामही असं, की ज्याला काही वाटतं तो करणारच नाही.

हे सगळं अमेरिकेतलं. सोलापूरचा काय संबंध?

हा प्रश्न बहुधा तरुण पोरं विचारतात, आणि उत्तर द्यायला मला सगळ्यात जास्त आवडतं.

आपल्या शहरात ‘सेटलमेंट’ नावाचा भाग आहे. रिक्षावाल्याला नुसतं ‘सेटलमेंट’ सांगितलं तरी पुरतं. तिथे राहणाऱ्या पोरांनाही बऱ्याचदा माहीत नसतं की हे नाव आलं कुठून. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यात अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. कुणी चोरी केली म्हणून नव्हे, कुणाच्या पोटी जन्मला म्हणून. पुढे मुंबई इलाख्यात अशा लोकांसाठी ज्या वसाहती काढल्या, त्यांतली एक मोठी सोलापुरात. कैकाडी, टकारी, पारधी आणि आणखी काही समाज. भोवती तारेचं कुंपण. ठरल्या वेळी हजेरी. बाहेर जायचं तर पास. आणि दिवसभर कुठे? तर मिलमध्ये. सोलापूरच्या गिरण्यांना हात हवे होते, सरकारला या लोकांवर नजर हवी होती. दोघांचं जमलं.

आता के आठवा. घराच्या दारावर कुणीतरी शिवी लिहून ठेवलीय. जिन्यात बसलेले लोक तो वर जाताना खालून वरून बघतात आणि चिडवतात. पोलिसांत अधिकारी असूनही ठाण्यात येता-जाता शिव्या ऐकतो, मान खाली घालून पुढे जातो. कामावरून आला की हजेरी, म्हणजे ती चाचणी. त्याची जात त्याच्या जन्मावरूनच, नव्हे, जन्म नसण्यावरून ठरलेली आहे.

साहेबीण जोशी त्याला एका प्रसंगी जे सांगते त्याचा मतलब असा: जग एका भिंतीवर उभं आहे; दोन्ही बाजूंना जर कळलं की भिंत नाहीच, तर एक तर युद्ध होईल नाहीतर कत्तल. जोशी वाईट नाही. के-शी बरी वागते, त्याच्यासोबत दारूही पिते. पण भिंतीवर तिची नोकरी आहे. सेटलमेंटच्या कुंपणावरही पुष्कळांच्या नोकऱ्या होत्या, आणि त्यातले बरेच स्वभावाने चांगलेच असणार.

कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. कुंपण गेलं, पण शिक्का पुसायला कायदा पुरत नाही. गावात चोरी झाली की पहिली धाड कुठे पडते, हे त्या वस्तीतल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा. म्हणून ‘माणूस कुणाला म्हणायचं’ हा प्रश्न माझ्या दृष्टीने तत्त्वज्ञानाचा कमी आणि मजुरीचा जास्त आहे. ज्याला कुणाकडून फुकटात किंवा स्वस्तात राबवून घ्यायचंय, तो आधी त्याच्या माणूसपणाविषयी शंका काढतो. वॉलेस काय वेगळं करतो? तो तर उघडच बोलतो, की प्रत्येक मोठी संस्कृती कुणाला तरी राबवूनच उभी राहिली. त्याला मूल हवंय ते माणुसकीपोटी नव्हे. एकेक रिप्लिकंट बनवणं परवडत नाही, ते आपले आपण वाढले तर उत्पादन सुटेल.

आठवण नकली असेल तर माणूसही नकलीच ना?

मग आपल्यातले बरेच नकली निघतील.

एलिझाबेथ लॉफ्टस या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७४ मध्ये लोकांना मोटारींच्या टकरीची फिल्म दाखवली. नंतर एका गटाला विचारलं, गाड्या आदळल्या तेव्हा वेग किती होता. दुसऱ्याला विचारलं, चक्काचूर झाला तेव्हा किती होता. नुसता शब्द बदलला तर लोकांनी वेग जास्त सांगितला, आणि आठवड्याने फुटलेल्या काचाही ‘आठवल्या’. काचा फिल्ममध्ये नव्हत्याच. पुढे १९९५ मध्ये त्यांनी आणि जॅकलिन पिक्रेल यांनी २४ जणांना त्यांच्या लहानपणच्या चार गोष्टी वाचायला दिल्या. तीन घरच्यांकडून घेतलेल्या खऱ्या. चौथी बनवलेली: पाच-सहा वर्षांचे असताना तुम्ही बाजारात हरवला होतात. साधारण चौघांतल्या एकाला ती पूर्ण किंवा थोडीफार आठवली.

गड्ड्याच्या जत्रेत हरवल्याची आठवण सोलापुरात निम्म्या लोकांना आहे. त्यातल्या काही थोरल्या भावाच्या असणार, आजीने इतक्या वेळा सांगितल्या की आपल्या झाल्या.

सिनेमात आठवणी बनवणारी कलाकार आहे, डॉ. ॲना स्टेलिन. आजारपणामुळे काचेच्या खोलीत एकटी राहते आणि रिप्लिकंटांसाठी वाढदिवस, झाडं, किडे असं काय काय बनवत बसते. के तिला आपली घोड्याची आठवण दाखवतो. ती बघते आणि तिच्या डोळ्यांत पाणी येतं. म्हणते, हे कुणीतरी खरंच जगलंय. के संतापाने खुर्ची उडवतो, कारण त्याला वाटतं, ते आपणच. ती मात्र कुणाचं ते सांगत नाही. दुसऱ्यांदा सिनेमा बघा म्हणतो ते या प्रसंगासाठी. शेवट माहीत असताना तिचा चेहरा पूर्ण वेगळा दिसतो.

आठवण केची नव्हती. पण त्या आठवणीमुळे तो जे वागला, ते त्याचंच.

जॉयचं त्याच्यावर खरं प्रेम होतं का?

ग्रुप यावर दुभंगलेला आहे. जॉय म्हणजे घरी आणायची प्रकाशाची बायको, वॉलेस कंपनीचंच उत्पादन. के घरी आला की स्वयंपाक झालाय म्हणते, पुस्तक वाचू या म्हणते, त्याला ‘जो’ असं नाव देते, त्याच्यासाठी स्वतःची साठवलेली प्रत पुसायला लावते. ती संपल्यावर के-ला पुलावर तिचीच प्रचंड मोठी जाहिरात भेटते. नागडी, जांभळी, काळ्या डोळ्यांची. ती बोलता बोलता त्यालाही ‘जो’च म्हणते. थिएटरात मला इथे पोटात खड्डा पडल्यासारखं झालं.

जाहिरातीत लिहिलंय त्याचा अर्थ असा, की तुम्हाला ऐकायचंय ते सगळं ऐकवू. आजकाल मोबाइलमधल्या चॅटबॉटशी तासन्‌तास बोलणारे आपल्याकडेही आहेत, त्यामुळे हा प्रश्न सिनेमा आला त्या २०१७ पेक्षा आता जास्त टोचतो. माझं मत: जॉयला काय वाटत होतं ते ठरवता येत नाही, आणि सिनेमाही ठरवत नाही. पण कंपनीला काय हवं होतं ते स्पष्ट आहे. गोड बोलणाऱ्याचा पगार कोण देतो, एवढं तपासावं.

जाता जाता, सोलापूरकरांनी कॉम्प्युटरला परकं मानायचं कारण नाही. चादरीवरची नक्षी ज्या जेकार्डवर निघते त्याची भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं १८०४ ची कल्पना. चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी तीच उचलली, आणि १८४३ मध्ये एडा लव्हलेसने लिहिलं की जेकार्डचा माग फुलं-पानं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणेल. तिनेच हेही लिहून ठेवलंय की यंत्र स्वतःहून काही निर्माण करण्याचा दावा करत नाही, आपण सांगू तेवढं करतं. अशोक चौकापासून पूर्व भागात शिरलात की खटखट ऐकू येते ती याच घराण्यातली.

डेकार्डचा कुत्रा खरा की नकली?

के हाच प्रश्न विचारतो. डेकार्ड म्हणतो, मला नाही माहीत, त्यालाच विचार.

पण प्रश्न फालतू नाही. या जगात जनावरं जवळपास संपलीत. पहिल्या भागातलं घुबड नकली, सापही नकली. दुसऱ्यात लाकडाचा तो छोटा घोडा तपासणारा माणूस के-ला म्हणतो, हे खरं लाकूड आहे, तू तर श्रीमंत झालास. आपल्याकडे बार्शी रस्त्याला नान्नजला माळढोकाचं अभयारण्य आहे, १९७९ चं. माळढोक तिथे आता दिसला तर बातमी होते. देशभरात मिळून दीडशेच्या आसपासच उरलेत, आणि मादी वर्षाला साधारण एकच अंडं घालते. २०२४ मध्ये राजस्थानात जैसलमेरला कृत्रिम रेतनातून माळढोकाचं पिल्लू जन्मलं, तेव्हा पक्षिमित्रांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. ते पिल्लू खरं की बनवलेलं, असं कुणी विचारलं नाही. विचारणाऱ्याला आम्ही नान्नजच्या माळावर दिवसभर उन्हात बसवू.

बायकांची सगळ्यांची वाटच लावलीय या सिनेमात. का?

तक्रार रास्त आहे, आणि आमच्याकडे ती बायकांनीच पहिल्यांदा मांडली. जॉय विकायची वस्तू. जोशी मरते. नुकत्याच बनवलेल्या एका रिप्लिकंट बाईला वॉलेस हातात धरून पोटात सुरा घालतो, कारण तिला मूल होणार नाही. त्याची मदतनीस लव्ह शेजारी उभी असते. तिच्या गालावरून पाणी ओघळतं, बाकी चेहरा दगड. (माझ्या मते ते सिनेमातलं सगळ्यात माणसाचं दृश्य आहे, आणि ते खलनायिकेला मिळालंय.) रेचेल हाडांच्या रूपात, मग नक्कल होऊन परत येते, आणि डेकार्ड नाकारतो तेव्हा तिला गोळी घालतात.

दिग्दर्शकाला हे जग वाईट दाखवायचं होतं हे मान्य. पण वाईट जग दाखवताना कॅमेरा कुठे रेंगाळतो, ते बघणाऱ्याला दिसतं.

याहून मोठा मुद्दा एका काकूंनी काढला. आयुष्यभर विड्या वळलेल्या बाई. त्या म्हणाल्या, “मूल झालं म्हणून ती माणूस ठरायची, तर मग ज्यांना मूल नाही त्या काय?” हॉल गप्प झाला होता. सिनेमातली रिप्लिकंटांची संघटनाही हेच धरून बसलीय, की आमच्यातली एक बाळंत झाली म्हणजे आम्ही गुलाम नाही. बाळंत झाली नसती तर? तेव्हाही नव्हतेच की. याचं उत्तर सिनेमाकडे थेट नाही. केच्या वागण्यात आहे, पण ते आपण शोधायचं.

‘जन्माला येतो त्यालाच आत्मा’, हे के म्हणतो ते खरं मानायचं का?

तो म्हणतो तेव्हा त्याला मूल मारायचा हुकूम झालेला असतो. आजवर जन्मलेल्या कुणाला मारलं नाही म्हणतो. जोशी त्याला सांगते, तुझं आत्म्यावाचून बरं चाललंय की.

जन्मावरून माणूस मोजू नये, हे सोलापुरात नव्याने सांगायची गरज नसावी. आपले ग्रामदैवत सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातले, बसवण्णांच्या काळातले शरण, म्हणजे शिवभक्त. त्या शरणांत चांभार, धोबी, नावाडी, सगळे होते आणि कायक, म्हणजे हाताने केलेलं प्रामाणिक काम, हीच त्यांची पूजा. कल्याणला (आताचं कर्नाटकातलं बसवकल्याण) चांभाराच्या घरचा मुलगा आणि ब्राह्मणाच्या घरची मुलगी यांचं लग्न लागलं, आणि त्यावरून शरणांची कत्तल झाली असं परंपरा सांगते. दर संक्रांतीला नंदीध्वज मिरवतो तो या माणसाच्या नावाने. काठ्या खांद्यावर घेताना हा भाग कुणी आठवत नाही, ते सोडा.

के नायकच नाही निघाला. मग तीन तास त्याच्यामागे कशाला फिरलो?

“फसवलं बे,” असं एक पोरगं बाहेर येऊन मित्राला म्हणालं. मला वाटतं, सिनेमाला हेच ऐकायचं होतं.

आपल्या सगळ्या गोष्टींत टोपलीतून वाहत आलेलं पोर शेवटी राजपुत्र निघतं. के-लाही तेच वाटलं. काही दिवस तो ताठ चालतो. मग संघटनेची म्होरकी फ्रेसा त्याला सांगते, मूल मुलगी होती. आणि त्याचा चेहरा बघून म्हणते, तुला वाटलं तूच? आम्हा सगळ्यांनाच तसं वाटायचं.

आता पुढचं नीट बघा. जोशीने त्याला हुकूम दिला होता: मुलाला मार. फ्रेसा, जी आपल्या बाजूची, न्यायाची, तीही त्याला सांगते: डेकार्डला मार, तो वॉलेसच्या हाती लागला तर मुलीचा पत्ता फुटेल. चांगल्या कामासाठी मरणं हीच सगळ्यात माणसासारखी गोष्ट, असंही ऐकवते. म्हणजे शोषण करणारा आणि क्रांती करणारा, दोघांनाही के हवाय तो एकाच कामासाठी. हत्यार म्हणून.

तो दोघांचंही ऐकत नाही. डेकार्डला पाण्यातून ओढून काढतो आणि त्याच्या मुलीच्या, म्हणजे त्या आठवणी बनवणाऱ्या ॲनाच्या, दारात नेऊन सोडतो. यात त्याला काही मिळत नाही. त्याचा बाप नाही, त्याची बहीण नाही, आठवणसुद्धा त्याची नाही. हे करायला त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच. जन्माचा दाखला हातातून गेल्यावर त्याने हे केलं, म्हणून मला ते मोठं वाटतं. आपण खास आहोत असं वाटत असताना चांगलं वागणं फारसं अवघड नसतं.

गिरणीतले एक सेवानिवृत्त जॉबर (मुकादम) मात्र दर वेळी माझ्याशी भांडतात. त्यांचं म्हणणं, के शेवटी एकट्यानेच लढला, एकट्यानेच संपला. मालकाला काय फरक पडला? वॉलेस तर जिवंतच आहे, कारखाना चालूच. सिनेमावाल्यांना एकटा मरणारा कामगार लै आवडतो, संप करणारा नाही. याला माझ्याकडे चोख उत्तर नाही, आणि ते बरोबर असावेत अशी शंका मला येत राहते.

तो शेवटी मरतो का?

मरतो असं मी धरतो. पोटात जखम आहे, पायऱ्यांवर आडवा होतो, आणि पहिल्या भागात पळून आलेल्या रिप्लिकंटांचा म्होरक्या रॉय बॅटी मरताना वाजलेलं संगीत वाजतं. ज्यांना तो जगावा असं वाटतं, त्यांना मी अडवत नाही.

डेकार्ड स्वतः रिप्लिकंट आहे का?

रिडली स्कॉट हो म्हणतात, हॅरिसन फोर्ड बरीच वर्षं नाही म्हणत आले, व्हिलनव्ह यांनी ते उघडं ठेवलं. चहा संपेपर्यंत वाद घाला.

पोरांना आणू का?

लहानांना नको. मारामारी आणि नग्नता आहे, शिवाय कंटाळून हॉलभर पळतात. अकरावी-बारावीची आणा, तीच सगळ्यात चांगले प्रश्न विचारतात. मराठीतच विचारायला हवं असंही नाही. तेलुगू, कन्नड, दखनी, काहीही चालतं, कुणी ना कुणी सांगतंच.

तिसरा भाग येणार का?

सिनेमा खर्चाच्या मानाने चालला नाही, त्यामुळे तिसरा सिनेमा जाहीर झालेला नाही. ॲमेझॉन प्राइमने ‘ब्लेड रनर २०९९’ नावाची मालिका मात्र काढायला घेतली, त्यात मिशेल योह आहेत. ती आली की मी एकच गोष्ट आधी बघणार आहे: फ्रेसाची संघटना. २०४९ मध्ये अंधाऱ्या भुयारात काही जण मागे उभे राहतात, फ्रेसा भाषण करते, आणि दिग्दर्शक त्यांना तिथेच सोडून निघून जातो. ते कुठे कामाला आहेत, हजेरी कुठे देतात, वर्गणी किती, फूट पडलीय का, काहीच कळत नाही. जॉबर काकांना मी सांगून ठेवलंय, मालिकेत तेवढं आलं तर पहिला भाग दाखवायच्या दिवशी चहा माझ्याकडून, नाही आलं तर त्यांच्याकडून भजीही.